विंचेस्टर कॅथेड्रल: थंडीत पांढरा, मार्चात तपकिरी

माझा विंचेस्टर कॅथेड्रल, म्हणजे तो पांढरा इंग्लिश गुलाब, पुन्हा तपकिरी उघडतोय. मी टाकलेले त्याच्या डिसेंबरच्या बहराचे फोटो बघून ज्यांनी "आम्हालाही हाच हवा" असं लिहिलं होतं, त्यांनी आधी हे वाचा आणि मग रोप मागवा.

ऑक्टोबर छाटणी ते जानेवारी हा भाग मागच्या वेळी सविस्तर लिहिलाय, तो परत उगाळत नाही. एवढंच सांगते की नाशिकची थंडी या झाडाला मानवते. रात्रीचं तापमान दहाच्या खाली उतरलं की पांढरा खरा पांढरा दिसतो, गाभ्याशी जरा मलईची झाक, पाकळ्या खच्चून भरलेल्या, आणि सकाळी ऊन चढण्याआधी मधाकडे झुकणारा वास. आइसबर्ग या दुसऱ्या पांढऱ्या गुलाबाच्या चाहत्यांनी रागावू नये. कोर्डेस या जर्मन गुलाब-पैदासकारांनी १९५८ साली आणलेला तो गुलाब फुलांच्या संख्येत कोणालाही हरवेल, पण वासाचं काय? माझ्याकडे दोन्ही झाडं एकाच वाफ्यात आहेत, रोज नाक लावते, त्यामुळे मत बदलणार नाही.

फेब्रुवारी संपत आला, दुपार तापायला लागली आणि बिनसलं. कळी अजून मिटलेली असतानाच बाहेरच्या पाकळ्यांवर तपकिरी रेघा दिसायच्या. उघडली की कडा चहात बुडवल्यासारख्या. काही कळ्या तर अर्ध्यावर अडकून देठावरच वाळल्या.

पहिला संशय उन्हावर. पण उन्हाने करपतं ते उमललेलं फूल, तेही पश्चिमेकडच्या बाजूने. इथे झाडाच्या पूर्वेकडच्या, सावलीतल्या कळ्याही तशाच. दुसरा संशय बॉट्रायटिस या बुरशीचा. त्याला दमट हवा लागते, करडी लव दिसते. मार्चातल्या नाशकात माणसाचे ओठ फुटतात, तिथे ती बुरशी कुठून येणार? शेवटी एक कळी काळ्या कागदावर झटकली आणि भिंग लावलं. मिलिमीटरभरही लांब नसलेली पिवळट पिल्लं वळवळत होती. फुलकिडे. तुमच्यापैकी निम्म्यांनी डागाळलेल्या कळ्यांचे फोटो बघूनच "थ्रिप्स" म्हणून ओळखलं होतं, त्यांना मान.

गंमत म्हणजे शेजारच्या पापा मेयाँ या लाल गुलाबामध्येही ते होतेच. गडद लाल मखमलीवर खरवडल्याच्या खुणा लपतात, पांढऱ्यावर प्रत्येक ओरखडा चव्हाट्यावर येतो. पांढरा गुलाब जास्त नाजूक असतो असं म्हणतात, ते मला या कारणाने फारसं पटत नाही. तो फक्त काही लपवू शकत नाही.

आता फवारणी. निंबोळी अर्काने काही दिवस बरं दिसायचं आणि पुढची फूट परत डागाळलेली. कारण त्यांच्या संसारातच आहे. मादी अंडी घालते ती कोवळ्या पानाच्या, पाकळीच्या आत, म्हणजे फवारा तिथे पोचतच नाही. पिल्लं मिटलेल्या कळीच्या घड्यांत बसतात. मोठी झाली की बरीचशी खाली पडून मातीत आणि पालापाचोळ्यात कोषात जातात, तिथेही फवारा नाही. आपण मारतो ते फक्त त्या घटकेला उघड्यावर सापडलेले. उन्हाळ्यात अंड्यापासून नवा किडा व्हायला दोन-तीन आठवडे पुरतात, त्यामुळे एका फवारणीवर विसंबणं व्यर्थ.

दुकानदार इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाची बाटली पुढे करतात. मी घेत नाही. एक तर मधमाश्या, आणि दुसरं म्हणजे या औषधानंतर लाल कोळी (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) उसळल्याचे अनुभव खूप आहेत. एप्रिलच्या तोंडावर लाल कोळी ओढवून घ्यायची हौस मला नाही. स्पिनोसॅड हे दुसरं कीटकनाशक मात्र लिटरला ०.३ मिली या मापाने वापरलं, तेही सूर्य मावळल्यावर, कारण ओलं असेपर्यंत तेही मधमाश्यांना मारतं. गुण आला. टिकला नाही. नवे किडे कुठून तरी येतच होते.

कुठून, ते मावसभावाने दाखवलं. त्याची दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे. तो आला, गुलाबाकडे एक नजर टाकली आणि सरळ कंपाउंडच्या भिंतीलगतच्या मिरच्यांकडे गेला. "हा बोकड्या (पानं आखडण्याचा रोग) बघितलास का?" पानं वरच्या बाजूला वळून होडीसारखी झाली होती. वर वळली तर फुलकिडे, खाली वळली तर कोळी, हे त्याला शाळकरी वयापासून पाठ. मिरचीवरचा, द्राक्षावरचा आणि आपल्या गुलाबावरचा किडा बहुतेक वेळा एकच, सिर्टोथ्रिप्स डॉर्सालिस. द्राक्षात तो मण्यांवर खरवड पाडतो आणि निर्यातीचा माल नापास होतो, म्हणून ही माणसं त्याला आपल्यापेक्षा चांगलं ओळखतात. म्हणजे मी गुलाब धुत होते आणि दहा फुटांवर त्यांची वसाहत सुखाने नांदत होती.

मिरच्या आईच्या. ठेच्याचा प्रश्न असल्यामुळे वाटाघाटी लांबल्या. जुनी, वाकलेली झाडं उपटायची आणि नवी रोपं गच्चीवर लावायची यावर तह झाला. उपटलेली झाडं कंपोस्टमध्ये न टाकता पिशवीत बांधून उन्हात ठेवली. मग गुलाबाच्या आळ्यातला सगळा पाचोळा आणि गळलेल्या पाकळ्या गोळा केल्या, वरची दोन इंच माती हलवली, निंबोळी पेंड मिसळली आणि संध्याकाळी मेटारायझियम ही किड्यांना मारणारी बुरशी घातली. माती ओलसर नसेल तर त्या बुरशीवरचे पैसे वाया, हे लक्षात ठेवा. रोज सकाळी नळीने कळ्यांवर जोरात पाणी. काळ्या ठिपक्याच्या रोगाच्या भीतीने आपण पानं ओली करत नाही, पण या कोरड्या हवेत अर्ध्या तासात ती सुकतात.

चिकट सापळ्यांबद्दल: थ्रिप्ससाठी निळेच घ्या असं सगळे सांगतात. मी दोन्ही रंग टांगले आणि माझ्याकडे पिवळ्यावर जास्त सापडले. मिरचीवाल्या किड्याला पिवळा जास्त भावतो असं भाऊही म्हणाला. सापळ्याने कीड संपत नाही, ती वाढतेय की घटतेय एवढं कळतं. माझ्याकडे घटतेय.

आणि काल एक फूल निष्कलंक उघडलं. एकच, छोटं, थंडीतल्याच्या निम्म्या आकाराचं, पण कडेपर्यंत पांढरं. घरातल्या सगळ्यांना ओढत नेऊन दाखवलं.

दुसरी बातमी गुलाबी आहे. झाडाच्या मागच्या बाजूच्या एका फांदीवर गुलाबी फुलं आलीत. आधी खुंटाची, म्हणजे ज्या गुलाबावर कलम बांधलंय त्याची, फूट वाटली, म्हणून मुळाशी उकरून बघितलं, तर फांदी कलमाच्या जोडाच्या चांगली वर फुटलेली आणि पानं हुबेहूब तशीच. ज्यांना आठवत असेल त्यांना आठवेल की नर्सरीने हे रोप "इंग्लिश व्हाइट" एवढ्याच चिठ्ठीवर पाठवलं होतं आणि नावावरून इथे बरीच चर्चा झाली होती. आता वाद मिटला. विंचेस्टर कॅथेड्रल ही डेव्हिड ऑस्टिन या इंग्लिश पैदासकाराची १९८८ ची जात, आणि ती बी लावून केलेली नाही. १९८३ च्या गुलाबी मेरी रोझच्या झाडावर आपोआप निघालेली पांढरी फांदी आहे. म्हणून ती अधूनमधून आपल्या आईवर जाते. (मेरी रोझ हे नाव आठव्या हेन्रीच्या बुडालेल्या जहाजाचं. १९८२ मध्ये ते समुद्रातून वर काढलं, पुढच्या वर्षी गुलाब बाजारात आला.) नर्सरीने नाव दिलं नाही, झाडाने दिलं.

अशी फांदी मुळापासून छाटावी, नाहीतर गुलाबी जोर धरून पांढऱ्याला दाबते, हा नियम मला मान्य आहे. फेल्कोची छाटणीची कात्री धुऊन हातात घेतलीही होती. पण फुकटात मेरी रोझ मिळत असताना कापायची कशाला? आता बेत असा की डिसेंबर-जानेवारीत तिचे डोळे इंडिका या गुलाबाच्या खुंटावर भरायचे (कलम करायचे) आणि मगच फांदी काढायची. तोवर वरून आखूड ठेवते.

हे लिहितानाच उन्हाळ्याचा बेतही फिरला. आधी स्पिनोसॅडची पुढची फेरी या आठवड्यात ठरली होती. पण मार्च ते मे फुलं घ्यायचीच कशाला? कळ्या हरभऱ्याएवढ्या असताना खुडल्या तर किड्यांचं आवडतं घर जातं, झाडाची ताकद पानांत राहते, आणि तसंही पस्तीस अंशांत उमललेल्या फुलाला दुपारपर्यंत ना आकार राहतो ना वास. पानं मात्र ठेवायची, या उन्हात कडक छाटणी नाही. फक्त दोन-तीन कळ्या प्रयोगासाठी सोडणार आहे. भावाच्या बागेत घडांना कागद गुंडाळतात, तशी बटर पेपरची टोपी कोवळ्या कळीला घालून बघायची. जाळीच्या पिशव्यांचा उपयोग नाही, फुलकिडे त्यातून आरामात जातात. टोपीच्या आत उष्णता कोंडून कळी उकडेल का, ही धास्ती आहे. कोणी केलं असेल तर टोपी किती सैल ठेवली ते लिहा.

आणि नाशिक-पुण्याकडे कोणाकडे इंडिकाच्या निरोगी काड्या असतील तर जूनच्या पहिल्या पावसाला मला हव्यात. बदल्यात पापा मेयाँचे डोळे देईन.