बिडीची सुट्टी

उन्हाळा लागला की आमच्या यवतमाळ जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यात तेंदूपानाचा हंगाम सुरू होतो. पहाटे अंधारात गेलेली बाया-माणसं ऊन चढेस्तोवर गठ्ठे घेऊन परततात आणि अख्खं घर ओसरीत बसून पुडे बांधतं. पेरणीच्या तोंडावर हातात चार पैसे पडतात ते याच पानाचे. म्हणून आमच्याकडे कोणाला बिडीला तोंड भरून शिव्या देता येत नाहीत. मीही देत नाही. नुसती सोडली. का सोडली ते सांगत बसत नाही, खोकल्याच्या गोष्टी सगळ्यांच्या सारख्याच असतात.

बिडी पानाची, म्हणून सिगारेटपेक्षा बरी, असं पानठेल्यावर छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ. प्रत्यक्षात तेंदूच्या पानातून हवा नीट खेळत नाही, बिडी सारखी विझू पाहते, आणि ती पेटती ठेवायला माणूस जोरजोरात झुरके घेत राहतो. त्यामुळे एवढीशी दिसणारी बिडी निकोटीन आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा जास्तच देते. बंडलावर सोडण्यासाठी फोन नंबरही छापलेला असतो, 1800-11-2356. फुकट आहे. इतकी वर्षं त्याच्यावर अंगठा ठेवूनच आम्ही बंडल फोडत आलो.

सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट. निकोटीन अंगातून दर दोन तासांनी साधारण निम्मं होतं, म्हणजे रात्रभर झोपलेला माणूस सकाळी पार कोरडा उठतो. म्हणून पहिली बिडी सगळ्यात गोड आणि सगळ्यात चिवट. त्यात आमच्याकडे बिडीशिवाय पोट साफ होत नाही हा पक्का समज. गावात घरोघरी संडास झाले तेव्हा डबा सुटला, बिडी मात्र आत गेली. गंमत म्हणजे हा समज पुरता खोटा नाही. निकोटीनची आतड्याला सवय लागलेली असते, ते बंद झालं की काही दिवस बद्धकोष्ठ होतं. कोमट पाणी, भाजी, ज्वारीची भाकर आणि थोडा धीर, याच्यापलीकडे त्याला फार काही लागत नाही. झोप मोडते, भूक वाढते, मुलांवर उगाच ओरडणं होतं. घरची म्हणाली, "तुम्ही दोन दिवस वावरातच ऱ्हा." बरोबरच होतं तिचं.

चहाचं मात्र मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. धुरामुळे यकृत चहातलं कॅफीन झटपट निकालात काढत असतं. धूर थांबला की तो वेग उतरतो आणि रोजचाच चहा अंगात जवळजवळ दुप्पट साचतो. छाती धडधडते, हात थरथरतात, आणि आपल्याला वाटतं ही बिडीचीच तलफ. तलफ घालवायला माणूस आणखी एक कप मागवतो! विदर्भात कोणाच्याही दारी गेलं की चहा आधी आणि काम मागून, तिथे अर्धा कप म्हणणं म्हणजे यजमानाचा अपमान. मी तो करत सुटलो.

तलफ म्हणजे रोही, आमच्याकडची नीलगाय. वावरात शिरला की वाटतं आता अख्खी तूर फस्त करून जाईल. पण आपण डबा बडवत धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहिलो की पाच-दहा मिनिटांत निघून जातो. परत येतो, हे खरं. हळूहळू कमी येतो, हेही खरं. दोन-चार आठवडे ही राखण करावी लागते.

या काळात गावचे हितचिंतक खर्रा पुढे करतात. प्लास्टिकच्या तुकड्यावर सुपारी, तंबाखू, चुना घोटून घोटून काळपट झालेला तो लगदा. "बिडी सोडली ना भाऊ, मंग हे घे, याच्यात धूर नाही." धूर नाही, निकोटीन तेच आहे, आणि तोंडाचं जे व्हायचं ते वेगळंच. बिडी सोडून खर्‍याला लागलेले माझ्या ओळखीत बरेच आहेत आणि सगळे स्वतःला सुटलेले समजतात. मेडिकलमध्ये निकोटीनचं च्युइंगम मिळतं, ते मला उपयोगी पडलं. ते चघळत सुटायचं नसतं. थोडं चावायचं, तोंडात चुरचुरलं की गालात दाबून ठेवायचं, चुरचुर गेली की परत चावायचं. गालातला फुगवटा पाहून लोक विचारायचे, "कुठला खर्रा?"

अंगाचं हे असं मार्गी लागलं. नडलं ते बसण्याचं.

डवरताना, म्हणजे बैल जुंपून पिकाच्या ओळींतलं तण काढताना, एक ओळ संपली की काडी ओढायची. काडीच्या आवाजाला बैलसुद्धा ओळखायचे, जागीच उभे राहून शेपट्या हलवायचे. बिडी पिणारा माणूस धुऱ्यावर बसला तर तो बिडी पितो आहे. बिडी न पिणारा बसला तर तो नुसता बसला आहे. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या वावरातून काकाजींनी हाक दिली, "काहून रे, तब्येत बरी नाही का?" मी उगाच डवर्‍याची पास, म्हणजे पातं, खरवडायला घेतली. स्वच्छ होती.

मग लक्षात आलं की निंदायला येणाऱ्या बाया कधीच अशा बसत नाहीत. माणसं बिडीला थांबतात, बाया पात धरून पुढे सरकत राहतात. त्यांच्या थांबण्याला काही निमित्तच नव्हतं. मी बिनबिडीचा बसायला लागलो तशी त्यांच्यातली म्होरकी एकदा विळा खाली टाकून म्हणाली, "भाऊ, तुम्ही बिडीशिवाय बसता, तं आमी कायले नाही बसाव?" याला उत्तर नव्हतं. बसल्या. कोणी पदरातल्या फुटाण्याची पुडी सोडली, कोणी पायातला काटा काढला.

आता दुपारनंतर सगळेच दहा मिनिटं बसतो. दहाची वीस होतात. निंदण उरतं, दुसऱ्या दिवसावर जातं, रोजी वाढते. संध्याकाळी हिशेबाच्या वहीवर बोट ठेवून घरची म्हणते, "तुमची बिडीच सस्ती होती." मी वही मिटतो आणि अर्धा कप चहा मागतो.