शेवटचा परिच्छेद कुणाचा?

विज्ञानकथांच्या एका प्रातिनिधिक संग्रहाचं काम शेवटच्या टप्प्यात आलं होतं. प्रत्येक कथा मासिकात पहिल्यांदा जशी छापली गेली, त्या पाठाशी ताडून पाहायची हा माझा हट्ट. लेखकाच्या पुस्तकातून कथा उचलून थेट अक्षरजुळणीला देणं सोपं, पण मधल्या काळात तिच्यात काय काय उलथापालथ झाली ते मग कळतच नाही.

त्या दिवशी एका ज्येष्ठ लेखिकेची कथा समोर होती. डावीकडे मासिकाची झेरॉक्स, उजवीकडे त्यांच्या कथासंग्रहातली पानं. मासिकात यानाचा संगणक पंचकार्डं, म्हणजे माहितीसाठी भोकं पाडलेली जाड कागदी कार्डं, गिळायचा. संग्रहात त्याच जागी फ्लॉपी आली होती. बाई कथा काळाबरोबर आणायला गेल्या आणि झालं उलटंच. पंचकार्डाला आज निदान पुराणवस्तूचा मान आहे. फ्लॉपी नुसतीच शिळी वाटते.

बाईंना फोन लावला. "पंचकार्ड परत घाल रे," त्या म्हणाल्या. "आणि हो, शेवटचा परिच्छेद काढून टाक."

मी चपापलो. ही कथा ज्यांना आठवते, त्यांना त्या परिच्छेदामुळेच आठवते.

"तो माझा नाहीच. संपादकांनी घातला. मला कळलं ते अंक हातात पडल्यावर."

"मग बाई, तुमच्या संग्रहात कसा राहिला?"

"तोवर जो तो त्याचंच कौतुक करत होता. कुठल्या तोंडाने काढणार?"

मला अमेरिकन विज्ञानकथालेखक आयझॅक आसिमॉव्ह आठवला. त्याची 'नाइटफॉल' ही कथा 1941 च्या सप्टेंबरमध्ये 'अस्टाउंडिंग' मासिकात आली. सहा सूर्यांचा ग्रह, त्यावर क्वचितच पडणारी रात्र. पृथ्वीचं नाव त्याने कटाक्षाने टाळलं होतं. संपादक जॉन कॅम्पबेलने शेवटाजवळ एक परिच्छेद आपल्या पदरचा घातला आणि त्यात पृथ्वी आणली. पुढे समीक्षक त्याच ओळी आसिमॉव्हच्या काव्यात्म लेखणीचा नमुना म्हणून दाखवू लागले! रॉबर्ट सिल्व्हरबर्गने 1970 मध्ये संपादित केलेल्या 'सायन्स फिक्शन हॉल ऑफ फेम' या कथासंग्रहासाठी अमेरिकेतल्या विज्ञानकथालेखकांच्या संघटनेने मतदान घेतलं, त्यात पहिली आली तीही हीच कथा.

हा किस्सा बाईंना सांगितला. त्या खळखळून हसल्या, पण हेका सोडेनात. माझंही म्हणणं सोडवत नव्हतं. मासिकं रद्दीत जातात, लेखकाचं स्वतःचं पुस्तक पुन्हा निघेलच असं नाही. बऱ्याच कथा पुढे अशा संग्रहांतूनच वाचल्या जातात. इथे जे छापू तीच कथा ठरते. परिच्छेद काढला तर वाचक म्हणणार, प्रकाशकाने कात्री लावली. तसाच ठेवला, तर दुसऱ्याचं लेखन बाईंच्या नावावर कायमचं चिकटणार.

बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी त्या म्हणाल्या, "बरं, राहू दे. पण खाली टीप दे. आणि त्यांचं नाव नीट घाल, गेले बिचारे. परिच्छेद चांगलाच होता, तीच तर पंचाईत आहे."

टीप लिहिली. बाईंनी ती फोनवर दोनदा बदलायला लावली, तशी ती लांबली आणि चार ओळी पुढच्या पानावर गेल्या. मांडणी करणारा वैतागला, कारण त्या चार ओळींपायी एक फर्मा, म्हणजे एकत्र छापला जाणारा पानांचा अख्खा गठ्ठा, वाढत होता. तोडगा म्हणून पुढच्या कथेचं रेखाचित्र गाळायचं ठरलं आणि चित्रकाराला ते कळवायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं.