हवाई दल सोडायचं ठरवताना मी अडलो एका अक्षरापाशी

गेल्या गणपतीत घरी विषय काढला. आबा ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. आमच्या शिवारातून बेळगावजवळच्या सांबरा विमानतळाची धावपट्टी दिसते, तिच्याकडे बघतच मी वाढलो. आबांनी एवढंच विचारलं, "पेन्शनला किती वर्सं राहिलीत रे बाळा?"

अडीच. एनडीएतून आलो, परमनंट कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची नेमणूक आहे, एएन-32 हे मालवाहू विमान उडवतो. तेव्हा साडेसतरा वर्षं झाली होती आणि 20 भरल्याशिवाय पेन्शन नाही. इकडे 2023 मध्ये एअर इंडियाने 470 आणि इंडिगोने 500 विमानांची ऑर्डर दिली, तेव्हापासून आमच्या क्रू रूममध्ये दुसरी चर्चाच नाही. एअरलाइनमध्ये 65 पर्यंत उडवता येतं, पण सीनियॉरिटी रुजू झाल्या तारखेपासून धरतात. इथे कितीही वर्षं कॅप्टन म्हणून बसलेला असा, तिथे सुरुवात फर्स्ट ऑफिसरच्या सीटवरून. म्हणजे थांबावं तर रांगेत अडीच वर्षं मागे, निघावं तर जन्मभराच्या अर्ध्या पगाराच्या पेन्शनवर पाणी. शिवाय मुदतीआधी सोडणं हा आपला हक्क नाही; अर्ज करायचा, वरून मंजूर झाला तर सुटका.

मी ठरवलं, आधी सिव्हिल लायसन्सची कागदपत्रं तयार ठेवू, मग निवांत विचार करू. नेव्हिगेशन, मेट म्हणजे हवामान, रेग्युलेशन्स, सगळे पेपर 70 टक्क्यांच्या वर निघाले. मेडिकलही झालं.

अडलं ते दहावी-बारावीच्या पडताळणीत. माझी दहावी बेळगावात, मराठी माध्यमातून, कर्नाटकची एसएसएलसी. बारावी कोल्हापूरला. आपल्या भागातल्या शेकडो पोरांचं शिक्षण असंच दोन राज्यांत विभागलेलं आहे. दहावीच्या मार्क्सकार्डावर आधी नाव, मग वडिलांचं, मग आडनाव, आणि नावातला 'व' इंग्रजी डब्ल्यूने. बारावीला आडनाव आधी आणि 'व' व्हीने. एवढ्यावरून एका कार्यालयाने माझी फाईल सात महिने दाबून ठेवली.

पहिल्या खेपेला साहेब रजेवर. दुसऱ्या खेपेला शाळेचं पत्र आणा म्हणाले. आणलं, तर ते मराठीत आहे, कन्नडमध्ये द्या. मला कन्नड चांगलं येतं, खिडकीवर सगळं बोलणं कन्नडमध्येच केलं, त्याने काही फरक पडला नाही. पुन्हा शाळेत गेलो. हेडमास्तरांनी कपाटातून जुनं जनरल रजिस्टर काढलं, पानं इतकी जीर्ण की ते खाली पट्टी सरकवून एकेक उलटत होते. माझी ओळ सापडली. निळ्या शाईत, देवनागरीत, स्वच्छ अक्षरात माझं नाव. तिथे डब्ल्यूही नव्हता आणि व्हीही नव्हता. त्यांनी त्याच दिवशी कन्नड पत्र लिहून शिक्का मारून दिला. मग नोटरीकडचं प्रतिज्ञापत्र. तेही दिल्यावर उत्तर आलं, आधीची प्रत सापडत नाही, नव्याने अर्ज करा. वर्षाच्या 20 कॅज्युअल रजांतल्या 11 मी त्या खिडकीसमोर घालवल्या. आई आजारी होती, त्या रजा मला तिच्याजवळ घालवायच्या होत्या.

म्हणून कळकळीने सांगतो, सोडायचा विचार पक्का नसला तरी दहावी, बारावी, आधार आणि सर्व्हिस रेकॉर्डवरची नावं आजच एकाखाली एक ठेवून बघा. दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्या, तारखेसकट. मी पहिल्या वेळी घेतली नव्हती. आणि हो, लॉगबुकमधले कमांडचे आणि को-पायलटचे तास आताच वेगळे करून सही घ्या. एटीपीएलला, म्हणजे एअरलाइन कॅप्टनच्या लायसन्सला, 1500 तास लागतात, आणि पोस्टिंग बदलल्यावर जुन्या स्क्वाड्रनची सही मिळवणं फार जड जातं.

पडताळणीचं पत्र आलं तेव्हा माझी 18 वर्षं भरून गेली होती. उरली दोनपेक्षाही कमी. आता मध्येच निघण्यात अर्थ नव्हता. निर्णय वाईट झाला असं नाही, पेन्शन मिळेल, आबा खूश आहेत. पण तो मी आणि माझ्या बायकोने बसून घ्यायचा होता. तो त्या खिडकीने घेतला, याचा राग अजून जात नाही.

20 वर्षं भरतील त्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख घालून अर्ज लिहून ठेवलाय. सोमवारी आसामात जोरहाटला, ड्युटीवर परत निघतोय.