गाण्याच्या बाई आणि नववी सिम्फनी

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं निमंत्रण जर्मनीत, लाइपझिगला पोचलं. शाळेविषयी लिहायचं तर गाण्याच्या बाईंखेरीज मला दुसरं कुणी आठवेना.

नववीतल्या एका ऑफ तासाला बाई टेपरेकॉर्डर घेऊन आल्या आणि त्यांनी जर्मन संगीतकार बेथोवेनची नववी सिम्फनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, लावली. सगळी मिळून सत्तर मिनिटांची, म्हणून फक्त शेवटचा, चौथा भाग. सुरुवातीचा कल्लोळ ऐकून मागच्या बाकांवर खसखस पिकली. बाई रागावल्या नाहीत. "आधीच्या तिन्ही भागांची आठवण एकेक करून येईल," त्या म्हणाल्या, "आणि चेलो-डबल बास प्रत्येकीला नको म्हणतील. कसं म्हणतात ते ऐका." आणि खरंच, शब्दांवाचून तो नकार आम्हाला कळला! मग त्याच खर्जातल्या वाद्यांनी अगदी हळू ती प्रसिद्ध चाल धरली, आणि नेमकी वीज गेली.

बाईंनी पेटी पुढे ओढली. पांढरी दोनचा सा धरून वाजवलं: ग ग म प, प म ग रे, सा सा रे ग, ग रे रे. "एवढी सोपी चाल, पण तिच्यापर्यंत यायला त्याला तीन भाग लागले." घंटा होईपर्यंत अख्खा वर्ग ती सरगम गात होता. 1824 साली व्हिएन्नातल्या पहिल्या प्रयोगात ठार बहिऱ्या बेथोवेनला टाळ्या दिसाव्यात म्हणून कॅरोलिन उंगर या गायिकेनं त्याला श्रोत्यांकडे वळवलं, हेही बाईंनीच सांगितलं.

आज मी इथे यंत्रनिर्मितीच्या कारखान्यात विभागप्रमुख आहे. वर्षअखेरीस नववी वाजवायची प्रथा या शहरात 1918 पासून आहे. गेवांडहाऊस या इथल्या संगीतगृहात ती प्रत्यक्ष ऐकली तेव्हा बॅरिटोन, म्हणजे मध्यम पट्टीचा पुरुष गायक, उभा राहिला आणि गायला, "मित्रांनो, हे सूर नकोत!" पुढचं गाणं कवी शिलरच्या कवितेवरचं, पण हे शब्द शिलरचे नाहीत, खुद्द बेथोवेनचे. चेलोंनी आधी वाजवलेला नकारच तो शब्दांत म्हणतो. मध्यंतर नसतंच, म्हणून बाहेर पडल्यावर शेजारच्या जर्मन सहकाऱ्याला हे सांगितलं. त्याचं तिकडे कधी लक्षच गेलं नव्हतं. माझं गेलं, ते बाईंमुळे.

बाई आता नाहीत. संगीताचा तासही स्पर्धापरीक्षांच्या तयारीत गेला असं कळलं, फार वाईट वाटलं. त्यांची पेटी वरच्या हॉलमध्ये अजून आहे म्हणतात. तिच्या दुरुस्तीचा खर्च मी आनंदानं करीन. आठवड्यातून एक तास शाळेनं द्यावा.