‘आमची हरकत नाही’ एवढ्याने भागत नाही

एका संस्थेच्या संग्रहातली गवतांची छायाचित्रं विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे कोणालाही मोफत वापरता येणाऱ्या चित्रांच्या ऑनलाइन भांडारात आणायची, एवढंच काम होतं. ती आली, आज कोणालाही वापरता येतात, याचा मनापासून आनंद आहे. पण कोणाचाच विरोध नसताना काम किती रखडू शकतं, हे पाहून आलेला वैताग अजून गेलेला नाही.

छायाचित्रकार बाई लगेच तयार झाल्या. ‘लोकांनी बघावीत म्हणूनच काढली,’ म्हणाल्या. मात्र जुन्या करारात त्यांनी सगळे हक्क संस्थेला लिहून दिले होते. म्हणून आधी करार मागून वाचा. फोटो काढणाराच प्रताधिकाराचा मालक असेल असं नाही.

संस्थेचं पहिलं पत्र आलं: ‘छायाचित्रे सदर संकेतस्थळावर ठेवण्यास आमची हरकत नाही.’ सही, शिक्का, जावक क्रमांक, सगळं जागच्या जागी, आणि उपयोग शून्य. एका संकेतस्थळापुरती परवानगी कॉमन्सला चालत नाही. परवान्याचं नाव आणि आवृत्ती लिहावी लागते, आणि तो कोणालाही, कुठल्याही कामासाठी, अगदी धंद्यासाठीसुद्धा खुला असावा लागतो. मी सीसी बाय-एसए ४.० चा, म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ‘श्रेय द्या, बदललेलं त्याच परवान्याखाली वाटा’ या खुल्या परवान्याचा मसुदा करून दिला. तो परत आला तेव्हा शेवटी एक ओळ वाढली होती: ‘केवळ शैक्षणिक व अव्यावसायिक वापरासाठी.’

त्या ओळीवर गाडी अडली ती अडलीच. संस्थेचे साहेब फाइल पुढ्यात ओढत आणि दर भेटीत तेच विचारत, ‘उद्या कोणी आमचे फोटो छापून विकले तर?’ विकू देत की! विकणाऱ्याला श्रेय द्यावंच लागतं, परवान्याचा उल्लेख करावा लागतो, फोटोत बदल केला तर तोही त्याच परवान्याखाली खुला करावा लागतो. शिवाय मूळ फोटो फुकट मिळतच राहतो. उलट ‘अव्यावसायिक’ म्हटलं की वर्तमानपत्र अडतं, छपाईच्या खर्चापुरती किंमत लावणारा छोटा प्रकाशक अडतो. ‘बदल करू नये’ हीही अट घालून बघायची होती त्यांना. तेव्हा मी एक फोटो त्यांच्यासमोर कातरून दाखवला. पूर्ण चित्रात नुसता गवताचा झुबका दिसत होता. कातरल्यावर कुसळ आणि त्यावरची बारीक लव स्पष्ट दिसली. बाणाने नाव दाखवायचं, दुसऱ्या भाषेत लिहायचं, तर बदल करावाच लागतो.

मी त्यांना ३० एप्रिल १९९३ चीही गोष्ट सांगितली. त्या दिवशी सर्न या युरोपातल्या अणुसंशोधन संस्थेने वर्ल्ड वाइड वेबचं सॉफ्टवेअर सार्वजनिक मालकीचं म्हणून जाहीर केलं. कोणीही घ्या, बदला, वाटा. त्या कागदावर ‘केवळ शैक्षणिक वापरासाठी’ अशी ओळ असती, तर वेब असं घरोघरी पोहोचलं असतं असं मला वाटत नाही. साहेबांनी ऐकून घेतलं, पण ओळ तशीच राहिली.

शेवटी कळलं की खरी धास्ती संस्थेच्या नावाची आणि बोधचिन्हाची होती. कोणीतरी भलतंच उत्पादन ‘संस्थेने मान्यता दिलेलं’ म्हणून खपवेल, ही भीती. हे आधीच विचारा: नेमकं काय गमावण्याची भीती वाटते? परवान्याच्या मजकुरात स्पष्ट लिहिलंय की बोधचिन्हासारख्या व्यापारचिन्हाचे हक्क यात दिले जात नाहीत आणि वापरणाऱ्याला तुमचा पाठिंबा आहे असा अर्थ होत नाही. ती कलमं छापून, खाली रेघ मारून नेली आणि ओळ गेली. इतका हलका मी कार्यालयाच्या पायऱ्या कधी उतरलो नव्हतो.

पुढचं सगळं सुरळीत झालं. कॉमन्सला संमतीची मेल संस्थेच्या अधिकृत पत्त्यावरूनच गेली पाहिजे, कोणाच्या खासगी खात्यावरून नाही. फाइलींची नावं मेलमध्येच लिहा.

आणि हो, एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही, हे पहिल्याच भेटीत सांगून टाका. सहीच्या दिवशी कळलं तर समोरच्याला फसवल्यासारखं वाटतं, आणि ते वाटणं रास्त आहे.

बाईंकडे बियांचेही फोटो आहेत. ते करार संपल्यानंतरचे, म्हणजे हक्क त्यांचेच. त्यांची मेल पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं मिळून लिहिणार आहोत.