पाचोरा ते हरेगाव पायी, आणि वाटेतली डोमकळी

मे महिन्यात बायकोचं ऑपरेशन झालं. छातीत गाठ होती, काढली, औषधं सुरू झाली आणि पुढची तपासणी सप्टेंबरच्या मध्यात ठरली. मी कधी नवस बोलणारा माणूस नाही पण त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात बसून बोललो, की मतमाउली, हिला सुखरूप घरी ने, यंदा तुझ्याकडे पायी येतो. घरी आल्यावर तिला सांगितलं तर म्हणाली बोललाय ना, मग जा, मी आईकडे राहते, रोज संध्याकाळी फोन कर म्हणजे झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, हरेगाव हे श्रीरामपूर तालुक्यात, तिथे येशूच्या आईची, मारियेची, म्हणजे आमच्या मतमाउलीची यात्रा १९४९ पासून भरते. ८ सप्टेंबर हा मारियेचा जन्मदिवस, त्या सुमाराच्या शनिवार-रविवारी लाखाने माणूस जमतं, नाशिक, नगर, संभाजीनगर, मुंबई सगळीकडून. वांद्र्याच्या मोत माउलीची जत्राही याच दिवसांत असते. आमच्या खान्देशातून लोक जातात ते बहुतेक गाडी करून किंवा रेल्वेने, चालत जाणारे थोडेच. आम्ही अकरा जण होतो, जळगाव-भुसावळचे सात आणि पाचोऱ्याचे चार, आणि सगळ्यात मोठी आत्या, माझ्या वडिलांची चुलतबहीण, वय ६८, गुडघ्याला पट्टा बांधून. तिला कोणी नको म्हणायची हिंमत केली नाही.

निघायचं पाचोऱ्यातून, शुक्रवारी पहाटे, आणि पोचायचं पुढच्या शनिवारी, म्हणजे बरोबर नऊ दिवस. नऊच का तर नोव्हेना. येशू स्वर्गात गेल्यावर प्रेषित आणि मारिया माडीवरच्या खोलीत एकत्र प्रार्थना करत राहिले आणि पेंटेकॉस्टला पवित्र आत्मा आला, ते मधले नऊ दिवस, तिथून नऊ दिवसांच्या प्रार्थनेची रीत पडली. हरेगावात यात्रेआधी नोव्हेना चालतोच, आम्ही तो रस्त्यावर केला इतकंच.

आता माझ्या मनात एक गोष्ट होती ती मी कुणालाच सांगितली नव्हती. आमच्या आईची भक्ती छोट्या तेरेजावर, फ्रान्समधल्या लिज्यूची संत, जी १८९७ मध्ये अवघ्या २४ व्या वर्षी क्षयाने गेली. ती म्हणाली होती की मेल्यावर मी गुलाबांचा वर्षाव करेन, म्हणून आमच्याकडे म्हणतात की तेरेजाकडे काही मागितलं आणि उत्तर हो असेल तर कुठून ना कुठून गुलाबाचं फूल समोर येतं. आईला दोनदा आलं होतं असं ती सांगायची, एकदा तर रेल्वेच्या डब्यात. आणि हरेगावच्या चर्चचं नावच संत तेरेजा. तर मी चालता चालता मनात मागत होतो की रिपोर्ट चांगला येणार असेल तर मला एक गुलाब दाखव. बस एक. मग मी प्रत्येक घराच्या अंगणात बघायला लागलो, कुंपणात, देवळाच्या बाहेर हारवाल्याच्या टोपलीत. हारातला गुलाब धरायचा नाही असं माझं मीच ठरवलेलं, तो विकायलाच ठेवलेला असतो. असा हिशोब.

पहिला दिवस पाचोरा ते भडगाव, सोपा, पंधरा किलोमीटर. चालताना रोझरी, म्हणजे मारियेची जपमाळ, म्हणायची; तिच्यात वारानुसार येशू-मारियेच्या आयुष्यातले प्रसंग आठवतात, त्यांना रहस्ये म्हणतात. शुक्रवार म्हणजे दुःखाची रहस्ये. आत्या पुढे, "नमो मरिये कृपापूर्णे" तिने म्हणायचं आणि "हे पवित्र मरिये" पासून आम्ही उचलायचं, आणि पावलं आपोआप त्या चालीवर पडायला लागली, मुक्ताबाईच्या पालखीत टाळ वाजतात तेव्हा पडतात ना तशी. मी लहानपणी मुक्ताईनगरची पालखी निघताना पाहिलेली, पंढरपूर तिथून महिनाभराच्या वर लांब, तेव्हा वाटायचं हे लोक एवढं कसं चालतात. आता कळलं की पाय चालवत नाहीत, शेजारचा चालतो म्हणून आपण चालतो.

रस्त्यात जो तो विचारायचा, शिर्डीले का? वणीले का? कारण आपल्याकडे पायी निघालेला माणूस म्हणजे एकतर साईबाबा नाहीतर सप्तशृंगी. आम्ही सांगायचो हरेगावला, मतमाउलीला, येशूची आई. मग पाणी यायचंच, चहा यायचा, एका ठिकाणी तर गरम गरम कळण्याची भाकर आणि ठेचा आला. जेवणाआधी आम्ही 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणतो, त्यात "आमची रोजची भाकर आज आम्हास दे" ही ओळ येते, आयुष्यभर म्हणत आलोय, पण अनोळखी माणसाच्या ओट्यावर, त्याच्या बायकोने थापलेली भाकर हातात धरून म्हणताना माझा आवाज लागेना.

भडगावला शिरताना टायर पंक्चरच्या दुकानातल्या एका चाचांनी आम्हाला थांबवलं, कुठे विचारलं, सांगितलं, तर म्हणाले, "बीबी मरियम? उनके नाम की तो सूरा है कुरान में." खरंच आहे, एकोणिसावी सूरा मरियमच्या नावाची. मग थोडं थांबून म्हणाले, "मेरी बेटी के लिए बोलना. सात साल हो गए, गोद खाली है." आणि नाव सांगितलं. मी विसरेन म्हणून खिशातली छोटी वही काढली आणि लिहिलं. ती वही खरं तर खर्च लिहायला घेतलेली.

तिथून सुरू झालं. पाठीवरच्या बॅगेला आम्ही निळ्या कापडाचे तुकडे बांधलेले, मारियेचा रंग म्हणून, ते बघून लोक यायचे आणि आपलं सांगायचे. पोराची नोकरी. सासूचा लकवा. बोअरला पाणी. दारू सुटू दे. एका शाळकरी पोरीने फक्त गणित एवढंच सांगितलं आणि पळाली. मी सगळं लिहीत गेलो, जसं बोलले तसं, अहिराणी तर अहिराणी.

आता दुसरा दिवस, शनिवार, भडगाव ते कजगाव. ह्या दिवसासाठीच मी हे सगळं लिहितोय. शनिवार म्हणजे आनंदाची रहस्ये, आणि त्यातलं दुसरं रहस्य मारिया एलिझाबेथला भेटायला डोंगराळ मुलखात घाईघाईने निघाली ते. आत्याला हे फार आवडतं, ती म्हणते मारिया पोटुशी असून एवढं चालली, कोणाच्या मदतीला चालली बघ. दोन्ही बाजूंना कपाशी, मे-जूनची ठिबकवरची लागवड, कमरेच्या वर गेलेली, फुलावर आलेली. कपाशीचं फूल पहिल्या दिवशी पांढरं-पिवळट असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन मिटतं, हे आम्हा खान्देशातल्या माणसाला सांगायला नको. मी ती गुलाबी फुलं बघत होतो आणि मनात म्हणत होतो की नाही, हे गुलाब नाही, रंग आहे फक्त, फसवायचं नाही स्वतःला.

आणि मग दिसला. बांधापासून दुसऱ्या ओळीत. अगदी गुलाबाची कळी, अर्धवट उमललेली, पाकळ्या एकमेकींवर पीळ घालून मिटलेल्या, पिवळट आणि कडेला लाली. कपाशीच्या झाडावर गुलाब! अंगावर काटा आला, मी रांग सोडून बांध ओलांडून गेलो, हात जोडले, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि हळूच ते फूल तोडलं, बायकोला दाखवायला.

तेवढ्यात शेतातून एक बाई आल्या, पन्नाशीच्या, डोक्याला रुमाल, कमरेला ओटी बांधलेली. माझ्या हातात बघून म्हणाल्या, "भाऊ, ती डोमकळी शे. मझार आळी ऱ्हास." त्यांनी फूल माझ्या हातातून घेतलं आणि पाकळ्या सोडवल्या. आत जाळी विणून अळी बसलेली, बारीकशी. गुलाबी बोंडअळी. पाकळ्या ती लाळेच्या धाग्याने शिवून टाकते म्हणून फूल उमलतच नाही आणि गुलाबासारखं दिसतं. इथून ती बोंडात जाते आणि बोंड बाहेरून हिरवंगार, आतून गेलेलं.

मी काही बोलू शकलो नाही. बाहेरून फूल आणि आत ते. तुम्हाला कळलं असेल मला काय आठवलं ते, मी लिहीत नाही.

त्या बाईंना वाटलं मी घाबरलो अळीला. म्हणाल्या हे संगे नका लई जावा, जाळावं लागतं. ओटीत त्यांच्या अशा शे-दीडशे डोमकळ्या होत्या, सकाळपासून एकट्या वेचत होत्या, कामगंध सापळे, मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे, लावलेले पण पतंग जास्त पडायला लागले म्हणून. मजूर मिळत नाही, नवरा पुण्याला कंपनीत. कुठे चाललात विचारलं, मी सांगितलं. मग त्यांनी पण सांगितलं, "तुमनी मायले सांगजा, यंदाना कापूस घरमा येऊ दे, पोरनं लगीन ऱ्हायेल शे."

मी वही काढली. लिहायला लागलो तर आत्या मागून आली, वही माझ्या हातातून घेतली आणि मिटून बॅगेत टाकली. म्हणाली, "लिहितो काय, वेच ना!" आणि पदर खोचून शिरली कपाशीत, गुडघ्याचा पट्टा सांभाळत. मग आम्ही अकराच्या अकरा शिरलो. एकेकाने एकेक तास धरला, तास म्हणजे ओळ, आणि रोझरी जिथे थांबली होती तिथूनच आत्याने पुन्हा धरली, एक डोमकळी, एक नमो मरिये. ती बाई आधी गप्प होती, मग तिसऱ्या-चौथ्या दशकाला, दशक म्हणजे दहा नमो मरिये, "आमेन" तेवढं आमच्यासोबत म्हणायला लागली. दीड तास गेला असेल. बांधावर खड्ड्यात सगळं टाकून पेटवलं तेव्हा धुराचा वास कपड्यांना लागला तो चाळीसगावपर्यंत होता.

त्या रात्री कजगावला एका शाळेच्या व्हरांड्यात झोपायचं होतं. मला झोप नव्हती. आत्याला सगळं सांगितलं, गुलाब मागितला होता ते. ती बराच वेळ बोललीच नाही, मग म्हणाली, तुझ्या आईला गुलाब आला तेव्हा तिने काय मागितलं होतं माहितीये का, शेजारणीच्या पोरासाठी मागितलं होतं, स्वतःसाठी नाही. एवढं बोलून कूस बदलून झोपली. मला हे आईने कधी सांगितलं नव्हतं. त्यानंतर मी गुलाब शोधणं सोडलं, ठरवून नाही, पण दुसऱ्या दिवशी दुपारी लक्षात आलं की सकाळपासून मी कुणाच्या अंगणात बघितलंच नाही.

चाळीसगावला ओळखीच्यांकडे मुक्काम, तिथे पाय सुजलेले दोघं थांबले, नऊ जण पुढे. मंगळवारी घाट. हा कन्नडचा घाट, जुन्या कागदांत औट्रम घाट, ज्या इंग्रज अधिकाऱ्याने १८२५ मध्ये खान्देशात भिल्ल पलटण उभी केली त्याच्या नावाचा. खाली बोढऱ्याला ऊन आणि वर ढग अडकलेले, ट्रक एकामागे एक कण्हत चढत होते, आम्ही कठड्याच्या कडेने एका रांगेत. पायथ्याशी थांबून स्तोत्र १२१ वाचलं, "मी आपली दृष्टी डोंगरांकडे लावतो, मला साहाय्य कोठून येईल?" हे स्तोत्र यरुशलेमला वर चढून जाणारे यात्रेकरू म्हणायचे, १२० ते १३४ अशी पंधरा आरोहण स्तोत्रं आहेत, आणि पुढे ओळ आहे की तो तुझा पाय ढळू देणार नाही. ओल्या रस्त्यावर ट्रकच्या बाजूला चालताना ती ओळ तोंडात धरून ठेवावीशी वाटते. वळणावळणाला आम्ही वहीतलं एकेक नाव घेतलं. वरून मागे बघितलं तर सगळा खान्देश खाली पसरलेला, हिरवा आणि धुरकट, आणि मला फक्त एवढंच वाटलं की त्यात कुठेतरी ते शेत आहे.

पुढचं पटकन सांगतो. घाट चढला की मराठवाडा, कन्नड, मग शिऊर, तिथे तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाईंची समाधी, आत्या आत जाऊन बसली, म्हणाली बाईमाणसाने एवढं लिहून ठेवलं, हिला नमस्कार केलाच पाहिजे. वैजापूर, मग शेवटच्या दिवशी पहाटे तीनला निघून गोदावरी ओलांडली आणि उसाच्या पट्ट्यात शिरलो. हरेगावला पोचलो तेव्हा गर्दी एवढी की मूर्तीसमोर पाच-सहा सेकंद मिळाले. वहीत तोपर्यंत त्रेचाळीस जणांचं लिहिलेलं, वाचणार कसं? म्हणून बाहेर येऊन एका झाडाखाली गोल बसलो, मेणबत्त्या लावल्या आणि वही फिरवली, ज्याच्या हातात येईल त्याने एक पान वाचायचं. चाचांच्या मुलीचं नाव आत्याने वाचलं. गणितवाल्या पोरीचं सगळ्यात धाकट्याने. कजगावच्या बाईचं पान अर्धवट होतं, "यंदाना कापूस" एवढंच, आत्याने वही ओढून घेतली तिथे तुटलेलं, ते मी तोंडी पूर्ण केलं. माझं स्वतःचं मी लिहिलंच नव्हतं, तर शेवटी आत्याने बायकोचं नाव मोठ्याने घेतलं आणि सगळे आमेन म्हणाले.

रात्री मिस्सा, म्हणजे चर्चची उपासना, झाली, रविवारी एसटीने परत. तपासणी बुधवारी होती. मी चाळीसगावला उतरून पॅसेंजरने कजगाव गाठलं, बायकोला फोन करून सांगितलं की दोन तास उशीर होईल. हरेगावची आशीर्वाद घेतलेली मेणबत्ती द्यायची होती. बाई शेतातच होत्या. मेणबत्ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, पदराच्या टोकात बांधली, आणि मग कपाशीकडे हात करून म्हणाल्या, "भाऊ, अजून दोन तास ऱ्हायेल शेतस."

मी बॅग बांधावर ठेवली आणि एक तास धरला.