दात काढायच्या आधीच हाडाचं ठरवा

'आधी दात काढून घेऊ, इम्प्लांटचं नंतर बघू' हे वाक्य फार सहज बोललं जातं. पण इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवायचं दाताचं कृत्रिम मूळ, आणि ते हाड जातं ते याच 'नंतर'मध्ये.

मुळाला लागून हाडाचा एक पातळ थर असतो, बंडल बोन. तो दातासाठीच असतो आणि त्याला बरंचसं रक्त मुळाभोवतीच्या तंतूंमधून मिळतं. दात गेला की तंतू जातात आणि थर विरघळू लागतो. टाळूच्या बाजूला हाड जाड असल्यामुळे तिथे फारसं बिघडत नाही. वरच्या पुढच्या दातांची ओठाकडची भिंत मात्र बहुधा १ मिमीपेक्षाही पातळ असते, म्हणजे जवळजवळ सगळी बंडल बोनच. ती गेली की जबड्याच्या हाडाची कड आत बसते. सहा महिन्यांत रुंदी सरासरी साडेतीन ते चार मिमी आणि उंची एक-दीड मिमी घटते, त्यातही मोठा वाटा पहिल्या तीन महिन्यांतला. आता हिशेब करा: ४ मिमीचा इम्प्लांट, ओठाकडे २ मिमी हाड आणि टाळूकडे निदान १ मिमी. सात मिमी लागतात. आठ मिमीची कड चारवर आली, तर इम्प्लांट बसवायचा कुठे?

म्हणून खरं काम दात काढतानाच सुरू होतं. फोर्सेप्सने (दात काढायच्या चिमट्याने) धरून ओठाकडे जोर देत हलवणं ही सर्वांत महागात पडणारी सवय. पातळ भिंत तिथेच तुटते. पेरिओटोमचं पातळ पातं मुळाच्या बाजूंनी, शेजारच्या दातांकडून, हळूहळू खाली न्यायचं आणि तंतू कापायचे. खालची दाढ असेल तर सलाईनच्या धारेखाली बरने (ड्रिलच्या फिरत्या टोकाने) मधोमध तोडून पुढचं आणि मागचं मूळ वेगवेगळं काढायचं. वेळ जास्त जातो, पण हाड शाबूत राहतं. एलिव्हेटरचा (दात उचकटायच्या हत्याराचा) टेकू गालाकडच्या भिंतीवर कधीही घेऊ नये. शक्य असेल तर हिरडी उचलूही नये, कारण हाडावरच्या आवरणातूनही त्याला रक्त मिळतं.

दात निघाल्यावर खड्डा क्युरेटने (चमच्यासारख्या हत्याराने) खरवडून संसर्ग झालेला मऊ भाग पूर्ण काढायचा. इथे घाई केली की पुढे ग्राफ्ट, म्हणजे हाड टिकवण्यासाठी खड्ड्यात भरायचे हाडाचे किंवा हाडासारखे कण, सडतो. मग प्रोबने (बारीक सळईने) ओठाकडची भिंत वरपासून खालपर्यंत चाचपायची. ती शाबूत आहे, तिला खिडकी पडली आहे की ती गेलीच आहे, यावर पुढचं सगळं ठरतं. भिंत नसेल तर हिरडी आणि ग्राफ्टच्या मध्ये पडदा हवाच, नाहीतर हिरडीच आत शिरून जागा भरते.

ग्राफ्टचे कण साधारण पाव ते १ मिमीचे. एका मुळाच्या दाताला बहुधा अर्धा सीसी पुरतो, दाढेला जास्त लागतो. रक्तात किंवा सलाईनमध्ये भिजवून ओल्या वाळूसारखे झाले की थोडे थोडे भरायचे आणि हलकेच दाबायचे. ठासून भरणं ही नेहमीची चूक, कारण कणांमधल्या फटींतूनच नव्या रक्तवाहिन्या वाढतात. भरायचं हाडाच्या कडेपर्यंतच, हिरडीच्या काठापर्यंत नाही. वर कोलॅजनचा पडदा आणि आडवा-उभा टाका. खड्ड्याचं तोंड बंद करण्यासाठी हिरडी ओढून आणू नका. त्याने घट्ट हिरडीची पट्टी जागेवरून सरकते.

'लगेच इम्प्लांट बसवला की हाड टिकतं' हा समज चुकीचा आहे. तसा बसवला तरी ओठाकडची भिंत विरघळतेच. म्हणून तो टाळूच्या बाजूला सरकवून बसवतात आणि ओठाकडे उरलेली फट, विशेषतः २ मिमीपेक्षा मोठी असेल तर, ग्राफ्टने भरतात. ग्राफ्टमुळेही झीज पूर्ण थांबत नाही, पण बरीच कमी होते. प्रत्येकाला तो लागतोच असंही नाही: दीड-दोन महिन्यांतच इम्प्लांट बसवायचा असेल आणि भिंती जाड असतील, तर नुसतं नीट काढणंही पुरतं. ग्राफ्ट भरल्यावर साधारण चार ते सहा महिने थांबून सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) काढायचा, मग इम्प्लांट.

रुग्णांसाठी: हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शनं चालू असतील, तर दात काढायच्या आधीच सांगा. पहिला दिवस चूळ भरू नका, स्ट्रॉने काही पिऊ नका. सिगारेट-तंबाखू बंद, निदान जखम भरेपर्यंत तरी. वाळूसारखे एक-दोन कण तोंडात आले तर घाबरू नका. रोज येत राहिले, किंवा पू आणि दुर्गंधी आली, तर लगेच दाखवा. आणि तात्पुरती काढघालीची कवळी दिली असेल, तर ती त्या जागेवर टेकत नाही ना, हे डॉक्टरांकडून तपासून घ्या. टेकत असेल तर आतून घासून घ्यायची, कारण तिच्या दाबाने भरलेले कण हलतात.